पॅरिसमध्ये दिवसभर पाऊस आणि सोबत चार मित्र: तो गुरुवार कसा लावावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच मित्रमैत्रिणी, मे महिन्यात पॅरिसला चार दिवस. गुरुवारी सकाळी अकराला आयफेल टॉवरच्या अगदी वरच्या टोकाचं तिकीट, दुपारी मोंमार्त्रची टेकडी, संध्याकाळी सीन नदीत बोट. आणि आता गुरुवारी दिवसभर पाऊस सांगितलाय. एकीचा गुडघा दुखतो, एकाला फोटोंचं वेड, एकाला सकाळी उठायचंच नसतं, आणि उरलेल्या दोघांचं म्हणणं, पैसे भरलेत तर ठरलं तसंच करू. दिवस वाया जाणार का?

नाही जाणार. पण ठरलेला कार्यक्रम छत्र्या उघडून तसाच रेटलात तर जवळजवळ नक्की जाईल.

मी सतरा वर्षं युरोपात छोटे गट घेऊन फिरते आहे. पॅरिसमधल्या माझ्या पहिल्या पावसात मी नेमकं हेच केलं होतं. अकरा माणसं, हातात वेळापत्रक, आणि एकही ठिकाण सोडायचं नाही हा हट्ट. टॉवरच्या टोकावर चारी बाजूंना पांढरं ढग. मोंमार्त्रच्या ओल्या जिन्यावर एक काकू घसरल्या, नशिबाने मनगटावरच निभावलं. रात्री जेवताना दोन जुन्या मैत्रिणी, ज्या चाळीस वर्षांत भांडल्या नव्हत्या, त्या भांडल्या. कारण काय, तर टॅक्सी करायची की नाही. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की ठिकाणं बदलणं हे पावसाच्या दिवसाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे अंतरं कमी करायची, आणि माणसांना दिवसभर एकमेकांना बांधून ठेवायचं नाही.

आधी पावसाबद्दल. पॅरिसला वर्षाला साधारण ६४० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो ११० च्या आसपास दिवसांत वाटला जातो. म्हणजे पावसाच्या एका दिवसाच्या वाट्याला सरासरी सहा मिलिमीटरसुद्धा धड येत नाही. मुसळधार क्वचित. बहुतेक वेळा रिपरिप, भुरभुर, मध्ये अर्धा तास उघडीप, पुन्हा एक सर. मोबाइलवर दिवसभर दिसणारं ढगाचं चित्र बघून धास्ती घेऊ नका. मेतेओ-फ्रान्स या तिथल्या सरकारी हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर पुढच्या तासाभरात कधी पाऊस आहे आणि कधी उघडीप, हे काही मिनिटांच्या टप्प्यांत दाखवतात. माझा दिवस त्या एका पट्टीवर चालतो. आठवडाभराचा अंदाज फक्त कुठला दिवस कुठे सरकवायचा हे ठरवायला.

आता आयफेल टॉवर, कारण तिथेच तुमचा वाद अडलाय. टॉवरची उंची ३३० मीटर. सर्वात वरचा सज्जा २७६ मीटरवर, दुसरा मजला ११६ मीटरवर. ढग खाली उतरले की वरचा सज्जा त्यात बुडतो आणि दुसरा मजला पुष्कळदा मोकळा असतो. माझी कसोटी सोपी आहे. सकाळी नऊच्या सुमाराला टॉवर दिसेल अशा जागी कुणीतरी एकाने जायचं आणि टोक बघायचं. खालून टोक स्वच्छ दिसत असेल तर वरून शहर दिसेल. टोक दिसत नसेल, तर वर जाऊन तुम्ही ढगाचा आतून फोटो काढणार, इतकंच. वारा जोराचा असला तर वरचा भाग बंदही ठेवतात.

तिकिटाची तारीख बदलता येते का, हे तुमच्या तिकिटाच्या अटींत आजच वाचा. बऱ्याचदा येत नाही. तरीही टोक ढगात असेल तर मी माझ्या माणसांना नेत नाही, आणि हे त्यांना आदल्या रात्रीच सांगते. भरलेले पैसे गेले ते गेलेच. त्यांच्यापाठी सुरक्षा तपासणीच्या रांगेत भिजून सगळ्या दिवसाचे बूट ओले करायचे, हे दुसरं नुकसान. ज्या दोघांना जायचंच आहे त्यांना जाऊ द्या, अगदी मनापासून जाऊ द्या. पाचही जणांनी जायलाच हवं असं कुठे लिहिलंय?

मोंमार्त्र त्या दिवशी नको. उतार, फरसबंदी, जिने, त्यात दुखरा गुडघा. तो शुक्रवारी सकाळी ठेवा. का, ते शेवटी सांगते.

मग गुरुवारी काय? मी तुम्हाला एक रस्ता देते. उत्तरेकडून दक्षिणेकडे येणारा, दोन-अडीच किलोमीटरचा, आणि त्यातला बराचसा छपराखालून जाणारा. पर्यटकांच्या झुंडी पावसात थेट लूव्र संग्रहालयाकडे धावतात, म्हणून मी माझ्या गटाला सकाळी उलट बाजूला नेते.

पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेच्या छताच्या गल्ल्या बांधल्या गेल्या. तिकडे त्यांना पासाज म्हणतात. त्या बांधायचं कारणच मुळी पाऊस आणि चिखल. तेव्हा शहरात पदपथ जवळजवळ नव्हते, सांडपाणी रस्त्याच्या मधूनच वाहायचं, आणि पावसात कपडे न बिघडवता खरेदी करायची सोय नव्हती. दोन रस्त्यांमधल्या इमारतींच्या पोटातून गल्ली काढायची, वर काच घालायची, दोन्ही बाजूंना दुकानं. पुढे शहर नव्याने आखताना रुंद रस्ते झाले, मोठी दुकानं आली आणि बहुतेक पासाज गेले. वीसेक उरलेत. म्हणजे तुम्ही पाऊस टाळायला आडोसा शोधत नाही आहात. या शहराने दोनशे वर्षांपूर्वी पावसासाठीच बांधलेली वास्तू, ज्या हवेसाठी बांधली त्या हवेत बघताय. उन्हाच्या दिवशी इथे फार कुणी रेंगाळत नाही. पावसात काचेवर थेंब वाजतात, दुकानांतले पिवळे दिवे लागलेले असतात, आणि बाहेरच्या राखाडी उजेडामुळे आतली प्रत्येक वस्तू उबदार दिसते.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला, त्याआधी नको, कारण दुकानं उशिरा उघडतात, मेट्रोने सात नंबरच्या मार्गावर ले पेलेतिए स्थानकाला उतरा. तिथून पासाज व्हेर्दो जवळ आहे. व्हेर्दोतून बाहेर पडून एक अरुंद रस्ता ओलांडला की पासाज जुफ्रुआ, हे दोन्ही १८४० च्या दशकातले. जुफ्रुआच्या मध्यावर एक वळण आहे आणि तिथे काही पायऱ्या, गुडघ्यासाठी सांगून ठेवते. जुफ्रुआ संपला की मोंमार्त्र नावाचाच एक रुंद बुलवार लागतो. (टेकडी वेगळी, हा रस्ता वेगळा. नावाने फसून कुणाला भलतीकडे पाठवू नका.) तो ओलांडला की समोर पासाज दे पानोरामा, या तिघांत सर्वात जुना, १७९९ च्या सुमाराचा. दाराशी दोन गोल इमारतींत वर्तुळाकार प्रचंड देखाव्यांची चित्रं दाखवत, त्यांवरून नाव पडलं. आता इथे टपाल तिकिटांची, जुन्या पोस्टकार्डांची दुकानं आणि लहान खाणावळी आहेत. तीन गल्ल्या, एका रेषेत, मध्ये फक्त दोन रस्ते. इथे दीड तास सहज जातो आणि जाऊ द्यावा.

पुढचा भाग छपराविना आहे. पानोरामापासून व्हिव्हिएन रस्त्याने सरळ दक्षिणेकडे आठ-दहा मिनिटं. पाऊस जोरात असेल तर आतच थांबा आणि ती तासाभराची पट्टी बघा. दहा मिनिटांची उघडीप बहुतेक वेळा मिळतेच. वाटेत उजव्या हाताला राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी रिशल्य इमारत लागते. २०२२ मध्ये दुरुस्तीनंतर ती पुन्हा उघडली आणि तिचा लंबगोल वाचनकक्ष सर्वांना मोफत खुला झाला. वर प्रचंड काचेचं छत, भिंतीभर पुस्तकं, आणि बसायला खुर्च्या. पावसाच्या दिवशी फुकट, कोरडी आणि शांत बसायची जागा मिळणं याची किंमत दुपारी कळते. आवाज मात्र अजिबात नको, लोक खरोखर अभ्यास करत असतात.

त्याच रस्त्याच्या टोकाला गॅलरी व्हिव्हिएन, काचेच्या छताची अशीच आणखी एक गल्ली, १८२३ मध्ये बांधायला घेतलेली. हिची जमीन बघा. मोझेकची आहे, इटालियन कारागीर फाक्किना याच्या हातची. ओल्या तळव्यांना ती गुळगुळीत लागते, तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर बूट नीट टिपून मगच आत जा.

इथे जेवा. आणि वेळ पाळा. पॅरिसमधल्या बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात, मग संध्याकाळपर्यंत गरम काही मिळवायला वणवण. भिजलेल्या आणि भुकेल्या गटाचे जेवढे वाद मी पाहिलेत, त्यांतले निम्मे दुपारी तीनचे आहेत. जवळच सेंत-आन नावाचा रस्ता जपानी नूडल्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. गरम रश्शाचा मोठा वाडगा पावसात जो आधार देतो तो सँडविच देत नाही. साडेबाराच्या आत गेलात तर बाहेर रांगेत उभं राहावं लागणार नाही.

आता तुमच्या उशिरा उठणाऱ्या मित्राचं. त्याला झोपू द्या. दुपारी दीडला जवळच्या पाले-रोयाल या जुन्या राजवाड्याच्या कमानींखाली भेटायचं, एवढंच ठरवा. पाले-रोयालच्या बागेला तिन्ही बाजूंनी कमानींचे लांब सज्जे आहेत, पूर्ण छपराचे. भेटण्याची जागा नेहमी अशीच निवडावी. ज्याला थांबावं लागेल तो कोरडा राहील अशी, आणि उशीर झाला तरी आजूबाजूला बघण्यासारखं काही असेल अशी. मेट्रोच्या तोंडाशी भेटू असं कधीही ठरवू नका. तिथे पाऊस तिरका लागतो, गर्दी असते, आणि खिसेकापूही.

फोटोवाल्या मित्रालाही सकाळपासून सुटं सोडा. त्याचं गटाबरोबर जमणार नाही, आणि गटाचं त्याच्याबरोबर. एका चौकटीसाठी तो वीस मिनिटं भिजायला तयार असतो, बाकीचे नसतात. त्याला सांगा, सेंत-लझार स्थानकामागे डब्लिन चौक म्हणून एक जागा आहे. गुस्ताव्ह कायबोतने १८७७ मध्ये छत्र्या घेऊन चाललेल्या माणसांचं पावसातलं पॅरिस रंगवलं, ते तिथलं. चित्र आता शिकागोच्या संग्रहालयात असतं, पण चौकात एकत्र येणारे ते रस्ते तसेच आहेत आणि ओल्या दगडांवरचा उजेडही. तिथून त्याने पाले-रोयालला यावं. आतल्या अंगणात १९८६ मध्ये दानिएल ब्युरेन यांनी उभारलेले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे २६० खांब आहेत. जमीन ओली असली की त्यांची प्रतिबिंबं पडतात. कोरड्या दिवशी तो फोटो मिळत नाही.

पाले-रोयालहून दक्षिणेला दोन पावलं आलं की रिव्होली रस्ता. त्याच्या उत्तर बाजूला लूव्रपासून जवळजवळ कोंकोर्द चौकापर्यंत सलग कमानी आहेत. किलोमीटरभर कोरडं चालणं. दुकानं पर्यटकी आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. गुडघा बोलू लागला तर इथून बस घ्या, मेट्रो नको. पॅरिसच्या बसेसची जमीन रस्त्यापासून फार उंच नसते, चढायला सोप्या. मेट्रोत चौदा नंबरचा मार्ग सोडला तर लिफ्ट मिळेलच असं नाही, आणि पावसात जिने निसरडे असतात.

कमानी संपल्या की त्युइलरी बागेच्या कोपऱ्यात ऑरांजरी संग्रहालय. आत लंबगोल दोन दालनांत चित्रकार क्लोद मोनेच्या कमळांची आठ चित्रं, प्रत्येक सुमारे दोन मीटर उंच, सगळी मिळून नव्वदेक मीटर लांब. पहिलं महायुद्ध थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोनेने चित्रं देशाला द्यायची इच्छा कळवली. दालनं उघडली १९२७ मध्ये, तेव्हा तो हयात नव्हता. १९६० च्या दशकात वर एक मजला चढवला आणि छतातून येणारा दिवसाचा उजेड अडला. २००० ते २००६ या दुरुस्तीत तो मजला काढून उजेड परत आणला. म्हणून सांगते, ढगाळ दिवशी इथे मधल्या बाकावर वीस मिनिटं नुसतं बसा. बाहेर ढग दाटले की पाण्याचा जांभळा गडद होतो, पातळ झाले की तेच चित्र हिरवं वाटू लागतं. उन्हाच्या दिवशी उजेड एकसारखा असतो, हा खेळ दिसत नाही. माझ्या एका गटात बोलघेवडे असे तिघे होते. ते इथून पाऊण तासाने बाहेर आले आणि नदीपर्यंत कुणीच काही बोललं नाही. ऑरांजरी मंगळवारी बंद असतं, तुमचा गुरुवार आहे, चिंता नाही. वेळ ठरवून आगाऊ तिकीट घ्या, दुपारी साडेतीनच्या आसपासचं.

गुरुवार असण्याचा आणखी एक फायदा. नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. सेंगोर पादचारी पुलावरून चालत दहा मिनिटं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्थानक, पुढे लांब गाड्यांना फलाट अपुरे पडले, आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय झालं. इथे पाचही जणांनी दारातच वेगळं व्हावं. कुणाला व्हॅन गॉग, कुणाला शिल्पं, कुणाला वरच्या मजल्यावरच्या मोठ्या घड्याळामागे बसून पावसातलं शहर बघायचंय. दीड तासाने त्याच घड्याळापाशी. संग्रहालयात एकत्र फिरणारा गट सर्वात हळू माणसाच्या चालीने चालतो आणि सर्वात घाईच्या माणसाच्या मनाने बघतो. दोघांचंही नुकसान. वेगळं फिरून आलं की जेवताना बोलायला काही असतं.

लूव्र का नाही, हे तुम्ही विचाराल. पावसाच्या दिवशी सगळं पॅरिस तिथे जातं, आणि एका दुपारीत ते होतही नाही. जायचंच असेल तर काचेच्या पिरॅमिडपाशी उघड्यावर रांग लावू नका, भुयारी कारूझेल दालनातून जा. सेंत-शापेल हे रंगीत काचांच्या खिडक्यांचं जुनं चर्च मात्र उन्हासाठी राखा. ढगाळ उजेडात तिथल्या काचांचा निळा सुंदर दिसतो, पण आयुष्यात एकदाच बघायचं असेल तर लाल आणि सोनेरी पेटलेले बघावेत. शिवाय तिथली तपासणीची रांग बाहेर असते.

बोट त्या संध्याकाळी नको. काचेचं छत असतं, पण थेंबांतून आणि श्वासांच्या वाफेतून काही दिसत नाही. बऱ्याच वेळा बोटीचं तिकीट ठरावीक फेरीला बांधलेलं नसतं, तुमचं तपासा. सलग कित्येक दिवस पाऊस झाला असेल तर नदीची पातळीही बघा. जून २०१६ मध्ये सीन सहा मीटरच्या वर गेली होती, तेव्हा लूव्रने दारं बंद करून तळघरातल्या वस्तू वर हलवल्या. पाणी चढलं की पुलांखालून बोटींना वाव राहत नाही.

बोटीऐवजी हे करा. अंधार पडल्यावर, मे महिन्यात तो साडेनऊनंतर पडतो, सहा नंबरच्या मेट्रोने पासी स्थानकाहून पुढच्या बिर-हाकेम स्थानकाला जा, डाव्या खिडकीशी. गाडी पुलावरून उघड्यावर नदी ओलांडते आणि टॉवर समोर येतो. अंधारात दर तासाच्या ठोक्याला टॉवरवरचे २०,००० दिवे पाच मिनिटं लुकलुकतात. दहाच्या ठोक्याला पुलावर उभे राहा. ओल्या रस्त्यावर ते सगळं उलटं पडलेलं असतं. सकाळी ज्याचं तिकीट वाया गेलं, त्याचीही भरपाई इथे पुष्कळशी होते, हे मी माझ्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

कपड्यांचं थोडक्यात. टोपीचं जॅकेट प्रत्येकाला, छत्र्या पाच जणांत दोन पुरेत. अरुंद पदपथावर पाच छत्र्या म्हणजे एकमेकांचे डोळे. छत्र्या घडीच्या घ्या, लांब दांड्याच्या संग्रहालयात क्लोकरूममध्ये द्याव्या लागतात. प्रत्येकाच्या पिशवीत कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकमध्ये. जेवायच्या आधी मोजे बदलणारा माणूस संध्याकाळी सहाला हसत असतो, न बदलणारा दुपारी चारलाच हॉटेलची वाट धरतो. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हीटरवर ठेवू नका, तळवे सुटतात.

एक शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाची गोष्ट. रस्त्याच्या कोपऱ्यावर, पावसात, मतं घेत बसू नका. बुधवारी रात्री जेवताना एकाला गुरुवारचा मुखत्यार करा. टॅक्सी, बस, थांबायचं की निघायचं, तो सांगेल ते. ज्याला पटणार नाही त्याने वेगळं जावं आणि पुढच्या भेटीच्या जागी यावं, कुणी रुसायचं नाही. तुमच्यापैकी गुडघा दुखणाऱ्या मैत्रिणीला ते काम द्या. थकवा सर्वात आधी तिला कळेल, म्हणून ती योग्य वेळी थांबवेल, आणि थांबा मागायचा संकोचही तिला राहणार नाही.

शुक्रवारी सकाळी मोंमार्त्र. वर जायला केबलची गाडी आहे, जिने टाळा, ते तेव्हाही ओले असू शकतात. टेकडीच्या माथ्यावरचं साक्रे-करचं चर्च शातो-लांदों इथल्या चुनखडकाचं आहे. पावसाचं पाणी लागलं की त्या दगडातून कॅल्साइट नावाचं खनिज बाहेर येतं, त्याने वरचा थर पांढरा राहतो आणि मळ धुऊन जातो. म्हणजे गुरुवारी ज्या पावसावर तुम्ही चिडलेले असाल, त्यानेच ते नुकतं धुतलेलं असेल. नऊच्या आधी पोहोचा.